मोटारीच्या टपावरील कॅरिअर व आमचे शेतकरी

आपल्या संघाच्या येत्या सभेपुढे एक लहानसा ठराव यावयाचा आहे. ज्या सभासदांपाशी बोलेरो, स्कॉर्पिओ, सुमो किंवा तत्सम जीपवजा मोटारी आहेत, त्यांजकरिता टपावर बसविण्याची लोखंडी कॅरिअरे नागपुराहून एकगठ्ठा खरेदी करावी, म्हणजे किंमत कमी पडेल, आणि नंतर ज्याची त्याने ती आपल्या गाडीवर घालून घरी न्यावी, असा त्याचा आशय आहे. ठरावाचा पूर्वार्ध ठीक आहे. उत्तरार्ध मात्र आम्हांस मुळीच पसंत नाही. तो लिहिणाऱ्यांनी त्या एका ओळीवर फारसा विचार केला नसावा असे दिसते, आणि आम्हीही एका अनुभवापूर्वी केला नसता. तो अनुभव पुढे सांगणार आहोत.

प्रथम हे कबूल केले पाहिजे की, या वस्तूची गरज आमच्या दोन्ही जिल्ह्यांत खरोखरीची आहे. शहरातील हौशी माणूस सहलीस जाताना टपावर दोन पेट्या बांधतो, तसा हा प्रकार नव्हे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून दीर्घकाळपर्यंत त्या अफाट मुलखात रेल्वेचे स्टेशन काय ते एक वडसा, आणि तेही उत्तरेच्या टोकास. बाकी सारी वाहतूक रस्त्याने, व रस्ता जंगलातून. पर्लकोटेच्या पुराने भामरागडची वाट पावसाळ्यात किती वेळा अडली याची गणती तिकडील लोकच करू जाणोत. अशा मुलखात ज्याच्या दारी जीप आहे त्याची जीप साऱ्या गावाची असते. तीतून बाजारास जावयाचे, तीतूनच बाळंतिणीस दवाखान्यात न्यावयाचे, आणि परत येताना विहिरीच्या पंपाचे पाइप, घरावर घालावयाची टिने, बियाण्याची पोती, मुलीच्या आंदणातला पलंग, जे काय असेल ते आणावयाचे. मध्यंतरी एटापल्लीकडील एका सभासदाने आम्हांस जे सांगितले ते विचार करण्याजोगे आहे. ते म्हणाले, "रोगी आडवा निजवावयाचा म्हणजे आतली मागची जागा सारी लागते, मग बरोबरच्या माणसांचे बिछाने, पाण्याची भांडी, शिधा हे कोठे ठेवावे? टपावर कॅरिअर असले तर रोगी सुखाने जातो." या बोलण्यास आमचेपाशी उत्तर नव्हते, व आजही नाही. ज्यांच्या गाडीला अशी निकड आहे त्यांनी कॅरिअर अवश्य घ्यावे.

टपावर माल घालण्याची चाल आमच्याकडे नवीनही नाही. आमच्या लहानपणी एसटीच्या मागील बाजूस शिडी असे, आणि टपावर सायकली, मोहाची पोती, आंब्याचे करंडे व क्वचित पायांस दोरी बांधलेल्या कोंबड्या असे सर्व काही चढे. हमाल वर उभा राहून झेली, कंडक्टर खालून ओरडे. पुढे १९९४ मध्ये टाटांची सुमो निघाली, २००० मध्ये महिंद्रांची बोलेरो व २००२ मध्ये स्कॉर्पिओ. त्यांतील पहिल्या दोन गाड्यांनी तर आमच्या काळ्यापिवळ्यांच्या धंद्याचे रूपच पालटले. एम.एच. ३३ व ३४ क्रमांकांच्या अशा गाड्यांपैकी कॅरिअरावाचून असलेली गाडी आठवडी बाजाराच्या दिवशी शोधून काढावी लागे. तेव्हा लोकांस वस्तू परिचित आहे, आणि परिचित वस्तूविषयी माणूस निष्काळजी होतो, हीच अडचण आहे.

आता आमची गोष्ट. ती सांगताना संकोच वाटतो. पण दुसऱ्याचे नाव घेऊन उपदेश करण्यापेक्षा आपलीच चूक मांडणे बरे.

आमच्या पुतण्याने गतवर्षी धानाच्या कापणीनंतर एक जुनी जीपवजा मोटार घेतली. तिला कॅरिअर नव्हते. नागपुरात जुन्या लोखंडी सामानाच्या एका विक्रेत्याकडे चांगल्या जाड नळ्यांचे कॅरिअर चार हजारांत मिळत असल्याचे कळले, म्हणून आम्ही दोघे ते आणावयास गेलो. वस्तू पाहता क्षणी आवडली. लांबी सात फूट, रुंदी साडेचार फूट, कडेने वीतभर उंच कठडा. पैसे देऊन झाल्यावर ती टपावर चढविली तेव्हा ध्यानात आले की, तिचे पाय ज्या गाडीकरिता केलेले होते तिच्या टपाच्या दोन्ही बाजूंस पन्हळ होती. आमच्या गाडीस ती नाही. पकडी कोठेच बसेनात. ज्याची सारी हयात सातबाऱ्याच्या व मोजणीच्या कागदांत गेली, त्यानेच टपाचे माप न घेता शे-दीडशे किलोमीटर दूर खरेदीस जावे, याला काय म्हणावे ते वाचकांनीच ठरवावे.

विक्रेता म्हणाला, "न्या तशीच बांधून, गावच्या लोहाराकडून पाय बदलून घ्या." ते चौकट गाडीच्या आत घालू पाहिले, मागचा दरवाजा उघडून, बाकडी दुमडून, तिरके करून, सर्व तऱ्हेने पाहिले. जी वस्तू मोटारीच्या डोक्यावर बसावयाची ती मोटारीच्या पोटात जात नाही, एवढे ज्ञान तासाभराच्या खटपटीने झाले. शेवटी खाली दोन गोधड्या घालून ते टपावरच ठेवले, आणि नायलॉनच्या दोराने बांधले. आडवे दोन फेरे दारांतून आत घेऊन, आणि एक फेरा मागील आकड्यास. पुढून बांधले नाही. पुढचा दोर बॉनेटवरून घ्यावा लागला असता, त्याने रंग घासला असता, आणि गाडी नुकतीच घेतलेली!

उमरेडपर्यंत काही झाले नाही. गाडीचा वेग बेताचा होता. पुढे रस्ता मोकळा लागला. संध्याकाळ होण्यापूर्वी नागभीड गाठावे, कारण तेथून सिंदेवाहीकडील वाट जंगलातली, व त्या बाजूस वाघाचा वावर इतका की अंधार पडल्यावर दोर आवळण्याकरिता खाली उतरणे कोणास आवडणार नाही, या विचाराने पुतण्याने वेग वाढविला. काटा ऐंशीवर गेला. भिवापूर यावयाचे होते, तोच समोरून एक भरलेली मालमोटार वेगाने गेली. तिच्या वाऱ्याचा धक्का बसला, टपावर धडधड असा आवाज झाला, आणि लगेच मागे लोखंड रस्त्यावर आपटल्याचा ध्वनी आला.

आमच्या मागून एक तरुण दुचाकीवर येत होता. मागे त्याची पत्नी, व दोघांच्या मध्ये तीन-चार वर्षांचे मूल. त्याने हुशारीने गाडी डावीकडे दाबली व ती बाजूच्या उतारावरून धानाच्या कापलेल्या बांधीत जाऊन पडली. बांधीत पाणी नव्हते, दगड नव्हते, तणस पसरलेले होते. एवढ्यानेच तिघेही वाचली. बाईचा पाय मुरगळला, मुलाचे कोपर सोलले. लोखंडी चौकट त्यांच्यापासून पाच-सात हातांवर उलटी पडली होती, आणि तिच्या तुटलेल्या दोराचे टोक नळीच्या न घासलेल्या काठास अडकून राहिले होते. कशाने कापला हे सांगण्यास पंचाची गरज नव्हती. त्या तरुणाने मुलास उचलून घेतले, आमच्या गाडीकडे पाहिले, आणि इतकेच विचारले, "समोरून बांधलं नाही का जी काका तुम्ही?" तो रागावला असता तर बरे वाटले असते.

त्या तिघांस जवळच्या दवाखान्यात नेले. नंतर पोलीस ठाण्यात जाऊन नोंद दिली. अपघातात कोणास इजा झाली म्हणजे चालकाने तिच्या उपचाराची व्यवस्था करावी व पोलिसांस, फार तर चोवीस तासांच्या आत, खबर द्यावी असे मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १३४ सांगते. आणि कायदा नसता तरी हेच करावयाचे होते. औषधपाणी, दुचाकीची दुरुस्ती व इतर खर्च मिळून कॅरिअरच्या किमतीच्या दुपटीहून अधिक रक्कम गेली. नागपुराहून लहान मालटेंपो केला असता तर त्याचे भाडे या रकमेच्या निम्मेही झाले नसते. परंतु आम्ही हा हिशेब रुपयांचा म्हणून सांगत नाही. दगडी बांध असता किंवा पुलाचा कठडा असता, तर आज हा लेख आम्ही लिहिला असता की काय, याचीच शंका आहे.

घरी आल्यावर या गोष्टीचा शांतपणे विचार केला, तेव्हा आश्चर्य वाटले ते असे की, यात न समजण्यासारखे काहीच नव्हते. आमच्या लोकांस बंडी भरणे कोणी शिकवावे लागत नाही. भार मागे गेला की गाडी उलाळ होते व बैलांच्या गळ्यास जुपणीचा फास बसतो. भार पुढे आला की जुवाखाली माना सोलतात. हे दहा वर्षांच्या पोरासही ठाऊक असते. धानाचे भारे रचताना टोके आत, बुडखे बाहेर, आणि वरून दोर आवळून पुढच्या व मागच्या दोन्ही बाजूंस बांधावयाचा. मग तेच आम्ही मोटारीच्या टपाजवळ का विसरतो? याचे कारण आमच्या मते असे की, बंडी वाऱ्याच्या पुढे जात नाही. बैलाच्या चालीस वारा हा काही शत्रू नव्हे. मोटारीच्या टपावर मात्र वजनाहून वाराच मोठा. खळ्यावर उपणणी करताना सूप आडवे धरले तर हात भरून येत नाही, पण ते वाऱ्याकडे जरा तिरपे झाले की मनगट मागे लोटते. तसेच हे आहे. त्यातही वाऱ्याचा जोर वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. चाळीसच्या वेगाने जो रेटा बसतो त्याच्या दुप्पट नव्हे, चौपट रेटा ऐंशीच्या वेगास बसतो. समोरून येणाऱ्या मालमोटारीचा झोत त्यात निराळा. उमरेडपर्यंत काही झाले नाही म्हणून पुढेही होणार नाही, हे आमचे अनुमान किती पोकळ होते ते यावरून दिसेल. सुरजागडच्या डोंगरातील लोहखनिज वाहणाऱ्या मोटारींची रहदारी ज्या आष्टी–आलापल्ली बाजूस वाढली आहे, तेथील सभासदांनी तर हे विशेष ध्यानात धरावे.

दोराविषयीही थोडे सांगितले पाहिजे. नायलॉनचा दोर मजबूत खरा, पण तो ताणाने लांबतो, आणि भिजला म्हणजे अधिकच ढिला पडतो. अंबाडीचा दोर भिजल्यावर उलट आखडतो. म्हणून नायलॉनने बांधलेले ओझे निघाल्यापासून दहा-पंधरा किलोमीटरांवर थांबून पुन्हा आवळलेच पाहिजे. आम्ही एकदाही थांबलो नाही. दोर लोखंडाच्या काठावरून जातो तेथे जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळावा, हा उपाय एक दमडीचाही नाही. हल्ली चापाने आवळावयाचे पट्टे मिळतात, ते सर्वांत उत्तम. दोर खिडकीतून घेतला तर दार उघडत नाही, म्हणून दार उघडून चौकटीतून घ्यावा. पाऊस असेल तर त्याच दोरावरून पाणी आत ठिबकते, हा त्रास सोसावा. आणि पुढून दोन दोर, बंपरखालील आकड्यांस, उलट्या व्ही अक्षरासारखे, हे बांधल्यावाचून गाडी जागची हलवू नये. रंग घासला तर घासू द्यावा.

कायद्याची बाजू बहुतेकांस माहीत नाही, म्हणून ती येथे देतो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९४ (१ए) हे पोटकलम घातले गेले. गाडीच्या अंगाबाहेर बाजूस, पुढे, मागे किंवा मर्यादेबाहेर उंच असा माल लादून गाडी चालविणारास किंवा चालवू देणारास वीस हजार रुपये दंड, आणि माल उतरविण्याचा खर्च वेगळा, असे ते आहे. वीस हजार! चार हजारांच्या चौकटीकरिता. "चालवू देणारास" हे शब्दही दृष्टीआड करू नयेत. संघाने ठराव करून सभासदांस असे ओझे न्यावयास लावले, तर ते शब्द कोणाकडे बोट दाखवितात याचा विचार कार्यकारी मंडळाने करावा. कलम ५२ अन्वये नोंदणीपत्रात नमूद केलेल्या मूळ घडणीशी विसंगत असे फेरफार गाडीत करता येत नाहीत. तेव्हा टपास भोके पाडून कायमचे सांगाडे डकविण्यापूर्वी आर.टी.ओ. कचेरीत विचारून घ्यावे, हे बरे. भोकांतून पाणी झिरपून टप सडतो तो निराळाच.

येथवर ओझे घरी आणण्याविषयी झाले. ते घरी आल्यावर त्याचा उपयोग काय होतो, हा मुद्दा त्याहून महत्त्वाचा आहे, आणि ठरावाच्या पुरस्कर्त्यांनी त्यास स्पर्शही केलेला नाही.

आम्ही ते वाकलेले कॅरिअर खरेदी केंद्रावरील काट्यावर घालून पाहिले. भरले अडतीस किलो. मग गाडीबरोबर मिळालेले इंग्रजी पुस्तक पुतण्याच्या मुलीकडून वाचून घेतले. त्यात टपावर जास्तीत जास्त पंचाहत्तर किलो भार घालावा, व त्यात कॅरिअरचे वजन धरावे, असे स्पष्ट छापले आहे. म्हणजे मालाकरिता उरले सदतीस किलो. केंद्रावर धानाची भरती चाळीस किलोची असते. तेव्हा नियमाने चालावयाचे तर त्या भक्कम, देखण्या, सात फुटी चौकटीवर धानाचे एक पोतेही चढविता येत नाही! प्रत्यक्षात लोक किती चढवितात? आम्ही आमच्या डोळ्यांनी सहा पोती पाहिली आहेत. प्रत्येक गाडीची मर्यादा वेगळी असते, कोठे थोडी कमी, कोठे थोडी अधिक. पण ती आपल्या पुस्तकात पाहिल्याशिवाय कॅरिअर घेणे म्हणजे मण न मोजता खंडी विकणे होय. टप हा बंडीचा साटा नव्हे. साट्याखाली आख असतो, टपाखाली पातळ पत्रा व माणसांची डोकी असतात. शिवाय भार जितका उंच तितकी गाडी वळणावर कलंडण्याचा संभव अधिक, आणि या उंच गाड्या आधीच उंच असतात. तेल अधिक जळते ते वेगळे; रिकामे कॅरिअर घेऊन वर्षभर फिरले तरी वारा आपला कर वसूल करतोच.

आता एक गोष्ट लिहिताना आमचा हात जड होतो. कॅरिअरवर पोती चढतात तेथवर ठीक. मागाहून माणसे चढतात. लग्नाच्या वऱ्हाडात, मंडईच्या दिवसांत, जत्रेस जाताना, टपावर दहा-बारा पोरे बसलेली कोणी पाहिली नाहीत? कठडा आहे, धरावयास नळ्या आहेत, वारा लागतो, मौज वाटते. कायद्याच्या १२३ व्या कलमाने पायफळीवर, टपावर व बॉनेटवर माणूस बसविणे मना केलेले आहे, पण झाडाच्या फांदीस कलम ठाऊक नसते. आमच्या रस्त्यांवर साग, ऐन, मोह यांच्या फांद्या किती खाली येतात ते आम्हीच जाणतो. ज्या सभासदास संघाकडून कॅरिअर मिळेल त्याने टपावर माणूस बसविणार नाही असे लिहून द्यावे, ही अट ठरावात असावी असे आमचे आग्रहाचे म्हणणे आहे. लिहून दिल्याने सारे होते असे नाही. पण गावात चार लोक चढू लागले म्हणजे नाही म्हणावयास मालकाला एक कागद तरी हाती राहील. भिडेपोटी होकार देणाऱ्या आमच्या मालकांस अशा कागदाचा फार आधार वाटतो, हे आम्ही नोकरीत पुष्कळ पाहिले आहे.

बांबूविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण कॅरिअर बसले की पहिला मोह बांबूचा होतो. वीस फुटी बांबू चौदा फुटांच्या गाडीवर घातले म्हणजे पुढेमागे मिळून सहा फूट बाहेर लोंबणारच. त्याच्या दंडाविषयी वर लिहिलेच आहे. दुसरा प्रश्न परवान्याचा. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबू झाडांत मोडत असे. २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळण्यात आला, आणि वनाबाहेर, आपल्या शेतात लावलेल्या बांबूस मोकळीक मिळाली. परंतु वनातला बांबू वनोपजच राहिला. २००६ च्या वनहक्क कायद्याने ज्या गावांस सामूहिक हक्क मिळाले त्यांच्या ग्रामसभा आपल्या वनातील बांबू विकू शकतात. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास हा हक्क २००९ मध्ये मिळाला, पण वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती यावयास एप्रिल २०११ उजाडला; तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी स्वतः गावात येऊन ते दिले. गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावच्या ग्रामसभेनेही पुढे आपल्या बांबूचा व्यवहार नमुनेदार चालविला. ज्या कागदासाठी एका गावास इतकी खटपट करावी लागली, तो कागद न घेता रात्री टपावर दहा बांबू घालून नाक्यावरून निसटण्याचा यत्न करणारे महाभाग आपल्या सभासदांत आहेत, हे ऐकून वाईट वाटते. ग्रामसभेकडे मागावे, पावती व परवाना घ्यावा, आणि बांबू ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून न्यावे. जीपच्या टपाचे ते काम नव्हे.

मग करावे काय? आमचे मत येणेप्रमाणे आहे. संघाने कॅरिअरे खरेदी करावी. एकगठ्ठा घेतल्यास किंमत खरोखरच उतरते. परंतु ती जोडलेली न घेता सुटी, बोल्टांनी जोडावयाची घ्यावी. तशी मिळतात, आणि सात फुटांच्या चौकटीचा साडेचार फुटांचा गठ्ठा होतो. सर्व गठ्ठे एका मालटेंपोत घालून एका खेपेत संघाच्या कचेरीशी आणावे. पंधरा-वीस जणांत ते भाडे वाटले म्हणजे माणशी काय पडेल, याचा हिशेब कोणीही करावा. ज्याची त्याने आणावयाची म्हटले तर पंधरा-वीस गाड्या नागपुरास जाणार, पंधरा-वीस टाक्या तेल जळणार, आणि त्यांतील निम्मे चालक आमच्यासारखेच पुढचा दोर विसरणार. येथे एक जाणता फिटर दोन दिवस बसवून प्रत्येकाच्या गाडीवर, पन्हळ असेल तर पन्हळीच्या पकडीने व नसेल तर त्या गाडीस योग्य अशा पायांनी, कॅरिअर बसवून घ्यावे. पोलादी जाड नळ्यांचे भारी काम घेऊ नये. हलके घ्यावे. आमचेकडे जड वस्तू म्हणजे टिकाऊ वस्तू अशी समजूत आहे. येथे जितके लोखंड अधिक तितका माल कमी.

कोणी म्हणेल की, मग संघाने एखादा लहान ट्रेलरच घ्यावा व सभासदांस पाळीपाळीने द्यावा. ही सूचना गेल्या बैठकीत एका तरुण सभासदाने केली होती, आणि ज्येष्ठांनी ती हसण्यावारी नेली, ते योग्य झाले नाही. ओझे खाली राहते, वारा लागत नाही, भरणे-उतरणे एका माणसाने होते. ट्रेलरचीही नोंदणी करावी लागते, मागे दिवे लागतात, जोडणीचा आकडा गाडीस मानवणारा असावा लागतो, आणि आमच्या अरुंद रस्त्यांवर मागे घेताना चालकाची परीक्षा होते, हे खरे. पण मूल, सावली, सिंदेवाही, आरमोरी या सपाटीच्या तालुक्यांतील सभासदांस तो कॅरिअरपेक्षा अधिक उपयोगी पडेल असे आम्हांस वाटते. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा या बाजूस मात्र कॅरिअरच हवे. तेथील लोकांस प्राधान्य द्यावे, व मागण्या अधिक आल्यास आमच्यासारख्या डांबरी रस्त्यावरच्या लोकांनी मागे सरावे. या शेवटच्या वाक्यावरून आम्हांस बोल लावणारे आमच्याच तालुक्यात निघतील, हे आम्ही जाणून आहोत.

मागील महिन्यात त्या दुचाकीवरील कुटुंबाकडे जाऊन आलो. मुलाच्या कोपरावर वण राहिला आहे. मुलगा तो कौतुकाने दाखवितो. त्याच्या आईला ते आवडत नाही.

वाकलेले कॅरिअर लोहाराने सरळ करून दिले आहे व ते आमच्या गोठ्यात भिंतीस लावून ठेवले आहे. एका नळीस बारीक चीर आहे, म्हणून आम्ही ते कोणास देत नाही. भंगारात घालावयाचे ठरले आहे. नव्या खरेदीत ज्या सभासदांस नाव नोंदवावयाचे असेल त्यांनी गाडीची जात व नोंदणीचे साल, टपाची लांबी व रुंदी फितीने मोजून, दोन्ही बाजूंस पन्हळ आहे किंवा नाही, आणि गाडीच्या पुस्तकात टपाचा भार किती किलो दिला आहे, ही माहिती लिहून सभेच्या आठ दिवस अगोदर कचेरीत द्यावी. ज्यांच्यापाशी पुस्तक नसेल त्यांनी गाडी विकणाऱ्या पेढीकडून तो आकडा विचारून आणावा. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या नावापुढे लिहू नये.